टाचेवरचा पापुद्रा

मेलबर्नच्या मराठी घरांत अंडं नावाची वस्तू नसते. म्हणजे फ्रिजमध्ये असते, डझनाने असते, पण भारतातून सासू-सासरे उतरले की ती अदृश्य होते. वाढदिवसाला केक येतो, कापसासारखा फुगलेला असतो, आणि आजी चमचा हवेत धरून विचारतात, "यात ते नाही ना गं?" "छे हो आई, एगलेस आहे." झालं. आजी खातात, वर आणखी एक तुकडा मागतात, आणि सगळं घर सुखाने झोपी जातं. दोन हजार आठ साली डँडेनॉन्गपासून ग्लेन वेव्हर्लीपर्यंत जेवढे केक एगलेस म्हणून खपले, ते खरोखर तसे असते, तर व्हिक्टोरिया राज्यातल्या यच्चयावत कोंबड्यांना सरकारी बेकारभत्त्यावर बसावं लागलं असतं.

या खोटेपणाने आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. त्यामुळे तो खोटेपणा आहे हेच लोक विसरले होते. मुरलीधरकाकांच्या पायावर बेतलं ते या विसरण्यामुळे.

आणि त्यात सापडली कादंबरी शेवाळे. चिंचवडची पोरगी, वय वर्षं तेवीस, शिकायला आलेली. त्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडून पोरं अशी सुटली होती, की विमानतळावर सामान हुंगणारा एक कुत्रा गोडा मसाला, मेतकूट आणि कुरडया ओळखून ओळखून पार थकला, आणि शेवटी एका सोलापुरी चटणीवर शिंकत शिंकत सेवानिवृत्त झाला म्हणतात. ज्याने घरी कधी चहाचं आधण ठेवलं नाही त्याने कुकरीला नाव घातलं. ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर केस उरले नव्हते तो हेअरड्रेसिंग शिकू लागला. त्या मानाने कादंबरीचा कोर्स शहाण्यासारखा होता. पेशंटच्या नोंदी नीट कशा ठेवायच्या, हे शिकवणारा. कोर्सच्या जोरावर तिला डँडेनॉन्गला, फॉस्टर स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, एका जखमांच्या क्लिनिकमध्ये अर्धवेळ काम मिळालं.

आसपासच्या कारखान्यांत हात सापडलेले, फोर्कलिफ्टखाली बोटं गेलेले, साखरेने पाय सडत चाललेले, असे सगळे लोक तिथे यायचे. काही जखमा हट्टी असतात, महिनोन्महिने मिटत नाहीत. अशा जखमेवर बसवायला कातड्यासारखे पापुद्रे मिळतात. कुठला डुकराचा, कुठला गाईचा, कुठला माणसाचाच, म्हणजे कुणा बाळंतिणीने दान दिलेल्या वारेपासून काढलेला, आणि कुठला निव्वळ कारखान्यातला, कृत्रिम. प्रत्येकाचा कोडनंबर वेगळा. डॉक्टर पापुद्रा बसवणार, कादंबरी कॉम्प्युटरमध्ये त्याचा नंबर आणि माप घालणार, मग विमा कंपनी बिल भागवणार.

"इथे येऊन कुणाची जात विचारायची नाही असं ठरवलं होतं," ती भाड्याच्या घरातल्या मुलींना सांगायची, "आणि नोकरी लागली ती कातड्याची जात लिहून घ्यायची."

मुली खो खो हसायच्या. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

मुरलीधरकाका आले ते जुलैच्या कडक थंडीत. नागपूरचे, सत्तरीचे, बायको वारलेली. ग्लेन वेव्हर्लीला मुलगा विवेक आणि सून मेधा यांच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेले. मेलबर्नची घरं थंडीत जमिनीतून श्वास सोडतात. फरशीत लोखंडी जाळ्या बसवलेल्या असतात आणि त्यांतून गरम हवेचा झोत येतो. काकांना ती जाळी फार आवडली. सकाळी खुर्ची ओढून, उजवी टाच जाळीवर टेकवून ते पेपर वाचत बसायचे. मधुमेहाने पायाची जाणीव कधीच गेलेली. एका सकाळी घरभर वास सुटला. मेधाला वाटलं, कुणीतरी गॅसवर पापड विसरलं.

तिने गॅस पाहिला. गॅस बंद होता.

पुढे महिनाभर ड्रेसिंग, औषधं, सगळं झालं. टाच मिटेना. शेवटी कादंबरीशी मराठी मंडळात झालेल्या ओळखीने ती तिघं तिच्या क्लिनिकमध्ये आली. तिथल्या डॉ. मरे या उंच, दोरीसारख्या बाई. बोलताना माणसाच्या तोंडाकडे न बघता जखमेकडे बघायच्या, जणू काही बोलणं तिच्याशीच चाललंय. त्यांनी टाच पाहिली आणि कादंबरीला आत बोलावलं.

"तू त्यांच्याच भाषेची ना? मग त्यांना नीट सांग. हाड दिसायला लागलंय. यावर मी गाईच्या कातड्यापासून केलेला पापुद्रा बसवणार आहे. तो परत काढायचा नसतो. त्याच्यात यांचं स्वतःचं मांस हळूहळू चढतं आणि तो यांचाच होऊन जातो. त्याने धरलं, तर पाय राहील. नाही धरलं, तर गुडघ्याखाली कापावा लागेल. आणि हे बघ, गाईचं आहे हे मुद्दाम सांग. काही लोकांना चालत नाही. तो त्यांचा प्रश्न, त्यांनी ठरवायचा."

इतकं स्वच्छ सांगून डॉ. मरे हात धुवायला गेल्या. कादंबरी काकांकडे वळणार, तेवढ्यात मेधाने तिला दंडाला धरून पॅसेजमध्ये ओढलं. मागोमाग विवेक आला.

"कादंबरी, अगं, बाबांना ते गाय-बिय काही सांगू नकोस हं."

"मेधाताई, डॉक्टरांनी मुद्दाम सांगायला सांगितलंय."

"त्यांना काय जातंय सांगायला! तुला माहीत नाही बाबा कसे आहेत. अंडं चालत नाही, रोज गंध लावतात. फिलिप आयलंडला जाताना रस्त्यावरच्या गाईंना गाडीतून हात जोडले त्यांनी. एका नाही गं, अख्ख्या कळपाला!"

"सिंथेटिक म्हण," विवेक म्हणाला. "प्लास्टिकची जाळी म्हण. ही काय खरं बोलायची वेळ आहे?"

"पण दादा, त्यांची सही लागणार आहे त्याच्यावर."

"मग सही करतील ना. हे बघ, त्यांना खरं सांगितलं आणि ते नाही म्हणाले, तर? तू येणार आहेस का पाय कापताना उभी राहायला?"

याला उत्तर होतं, पण तेविसाव्या वर्षी, परक्या देशात, दोन मोठी माणसं काकुळतीला आलेली असताना ते सुचत नाही. शिवाय तिने स्वतःच्या घरमालकीणबाईंच्या आईला मागच्याच रविवारी एगलेस म्हणून पेस्ट्री चारली होती. हात सरावलेला होता.

ती आत गेली. काका खुर्चीत पाय लांब करून बसले होते. कपाळावर गंधाचा ठिपका, अंगात विवेकचा जुना स्वेटर, बाह्या दोनदा दुमडलेल्या.

"काका, त्या जखमेवर एक जाळी बसवणार आहेत. तिच्यात तुमचं मांस चढेल आणि जखम भरेल. नाही भरली, तर मग… पुढचं बघावं लागेल."

"जाळी? कशाची?"

"कारखान्यात बनवतात, काका."

"ते ठीक आहे. कारखान्यात तर सगळंच बनतं. कच्चा माल कोणता?"

कादंबरीने दाराकडे पाहिलं. विवेक पुढे झाला. "बाबा, नायलॉनसारखं काहीतरी असतं. त्यांना त्यांचं काम करू द्या ना."

"नायलॉनमध्ये मांस चढतं?" काकांनी भुवया उंचावल्या. "शास्त्र लय पुढं गेलं, बाप्पा." आणि त्यांनी सही केली. सही वळणदार होती, जुन्या सरकारी माणसासारखी.

डॉ. मरे परत आल्या. "गाईचं त्यांना चालतंय?"

"येस," कादंबरी म्हणाली. "नो वरीज."

पापुद्रा बसला. इथवर जे झालं ते तोंडी होतं, हवेत विरून गेलं असतं. पण तिसऱ्या दिवशी मेधाचा फोन आला.

"अगं, एक प्रॉब्लेम आहे. बाबा पोस्टात येणारं प्रत्येक पाकीट फोडतात. पिझ्झाच्या जाहिरातीसुद्धा भिंग लावून वाचतात. क्लिनिकचं ते बिलाचं पत्र येईल ना, त्याच्यावर काय लिहिलेलं असेल?"

"गाईचा पापुद्रा. मापासकट."

"बघ! मग ते बदल ना. तुझ्याच हातात आहे म्हणालीस ना ते नंबर?"

कादंबरीने कॉम्प्युटर उघडला. गाईच्या पापुद्र्याखालीच कृत्रिम पापुद्रा होता. किंमत तीच, माप तेच. विमा कंपनीचा एक डॉलर इकडचा तिकडे होणार नव्हता. डॉक्टरला कमी-जास्त मिळणार नव्हतं. ज्यात कुणाचा पैसा बुडत नाही ते पाप कसलं, असा हिशेब मध्यमवर्गीय घरांत लहानपणापासून शिकवतात, आणि तो तिने केला. एक नंबर खोडला, दुसरा घातला. कॉम्प्युटरने मुकाट्याने पत्र छापलं. त्याच्याबरोबर, दर पेशंटला जातं तसं, पेशंटने जवळ ठेवायचं एक कार्डही छापलं. कॉम्प्युटर बिचारा नंबरावर चालतो. नंबर कृत्रिम म्हणाला, म्हणून कार्डही कृत्रिम पापुद्र्याचं निघालं: हे तात्पुरतं आवरण आहे, ताप आल्यास लगेच पूर्ण काढून टाकावं आणि जखम धुवावी.

कादंबरीने ते वाचलं नाही. एवढी कार्डं निघायची दिवसाला, कोण वाचतं? डॉ. मरेंनी स्वतःच्या हाताने जे खरं लिहिलं होतं, ते क्लिनिकच्या कपाटात होतं. पत्र काकांच्या हाती पडलं, कार्ड मेधाच्या पर्समध्ये गेलं.

आणि गंमत म्हणजे पाय सुधारू लागला. दर मंगळवारी काका यायचे आणि दारातूनच विचारायचे, "काय म्हणते आमची नायलॉनची टाच?" डॉ. मरे पट्टी सोडायच्या, बोटाने कडेला दाबायच्या, आणि त्या कोरड्या बाईच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं. पापुद्र्यातून गुलाबी मांस वर येत होतं. चौथ्या मंगळवारी त्या म्हणाल्या, हाड झाकलं गेलं. आणखी महिनाभर असंच राहिलं, तर हा माणूस स्वतःच्या दोन पायांवर विमानात चढेल.

मेधाने पॅसेजमध्ये कादंबरीला मिठी मारली. "बघ! म्हटलं नव्हतं मी?"

काका पट्टी होईपर्यंत कादंबरीशी गप्पा मारत.

"तू शिकते काय गं नेमकं?"

"कुणाला काय झालं, काय उपचार केले, ते बरोबर लिहून ठेवायचं. म्हणजे पुढच्या डॉक्टरला कळतं."

"चांगलं काम आहे. एवढंच कोणी करत नाही."

ती कॉम्प्युटरकडे बघायला लागली. त्या दिवशी पहिल्यांदा तिला वाटलं, नंबर परत नीट करावा. पण पत्र गेलं होतं, बिल भरलं गेलं होतं, आता बदलायचं तर कारण लिहावं लागणार. पुढच्या आठवड्यात बघू, म्हणून तिने दुसरी फाइल उघडली.

पुढच्या आठवड्याच्या आधी शनिवार आला.

शनिवारी कादंबरी फॉस्टर स्ट्रीटवरच्या एका किराणा दुकानात गल्ल्यावर बसायची. भर दुपार, गर्दी, कुणीतरी हिंगाची डबी कुठे ठेवलीय म्हणून भांडत होतं. फोन वाजला. मेधा. अगदी हळू आवाजात.

"कादंबरी, आम्ही हॉस्पिटलला आहोत. इमर्जन्सीत. बाबांना सकाळपासून ताप आहे, खोकला आहे. छातीचं आहे बहुतेक. पण इथल्या डॉक्टरने पाय बघितला आणि विचारलं, हे काय लावलंय. मी ते कार्ड दिलं. तो म्हणतो, ताप आहे तर हे वरचं काढायला पाहिजे."

कादंबरीच्या हातातली हळदीची पुडी तिथेच पडली.

"नाही! मेधाताई, काढू देऊ नका. ते निघत नाही. त्याच्यात मांस चढलंय. कार्ड चुकीचं आहे. त्याला सांगा गाईचं आहे, चिकटलेलं आहे, हात लावू नकोस."

मग आणखी हळू, "अगं, बाबा समोरच आहेत. माझ्याकडेच बघतायत. इंग्लिश कळतं गं त्यांना, एवढं कळतं."

"कळू दे!"

"विवेक गाडी लावायला गेलाय. तो आला की तो सांगेल बरोबर. बाहेर नेऊन सांगेल."

"तोपर्यंत तो काढेल! फोन त्याला द्या. डॉक्टरला द्या फोन."

"हो, हो. सांगते. सांगते मी." आणि फोन बंद.

कादंबरीने परत लावला. वाजत राहिला. तिने हॉस्पिटलचा नंबर लावला. एका गोड आवाजाच्या बाईने विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? मुलगी? नाही? मग सॉरी, आम्ही बाहेरच्या माणसाशी पेशंटबद्दल बोलू शकत नाही. कादंबरी म्हणाली, बोलू नका, फक्त ऐका, निरोप द्या. बाई म्हणाल्या, होल्ड करा. आणि फोनमध्ये पियानो वाजायला लागला.

दुकानाच्या मालकीणबाई, पंजाबी भाभी, तिच्याकडे बघत होत्या. "क्या हुआ, बेटा? चेहरा देख अपना. जा, जा, मैं देखती हूँ."

टॅक्सीवाला जालंधरचा, तोही विद्यार्थीच, ड्रायव्हिंगमध्ये भलताच निपुण. त्याने डँडेनॉन्ग रोडवरून गाडी अशी काढली, की शेजारच्या ट्रेनला आपण मागे मागे चाललोय असं वाटलं असेल. तरी उशीरच झाला.

पडद्याच्या आत काका उशीला टेकून बसले होते. तापाने डोळे लाल. विवेक नुकताच पोचला होता, गाडीची किल्ली अजून हातात. मेधा भिंतीला पाठ लावून, पदर नसलेल्या कुडत्याचं टोक तोंडात धरून उभी. तरुण डॉक्टर हातमोजे काढत होता. थकलेला, चांगला पोरगा. म्हणाला, "फार घट्ट चिकटलं होतं. कडेने कापत कापत काढावं लागलं. पण निघालं एकदाचं." त्याच्या आवाजात काम पार पाडल्याचं समाधान होतं.

बाजूच्या स्टीलच्या ट्रेमध्ये लाल-गुलाबी काहीतरी होतं. पापुद्रा नव्हताच तो आता. काकांची टाच होती ती, पाच आठवड्यांत मिळवलेली.

"मला काही दुखलं नाही, बाप्पा," काका कादंबरीला म्हणाले, तिला धीर द्यावा तसं.

मेधा कुजबुजली, "मी सांगणारच होते गं. तोंडापर्यंत आलं होतं. बाबा माझ्याकडेच बघत होते."

कादंबरीने त्या डॉक्टरला सगळं सांगितलं, इंग्रजीत, घाईघाईने, शब्दाला शब्द अडखळत. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. त्याने ट्रेकडे पाहिलं, मग कार्डाकडे, मग पुन्हा ट्रेकडे, आणि वरिष्ठांना बोलवायला धावला. छातीचा ताप दोन गोळ्यांनी दुसऱ्या दिवशी उतरला. पण उघड्या हाडात जे शिरायचं ते शिरलं होतं. रविवारी पाऊल सुजलं, सोमवारी बोटं काळी पडली.

रविवारीच कादंबरीने डॉ. मरेंना फोन केला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांना चालतंय का, म्हणून. तू हो म्हणालीस."

"हो."

"माझ्याकडे उद्यापासून येऊ नकोस." रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाही. सुट्टीचा दिवस होता, तरी स्वतः गाडी काढून हॉस्पिटलला आल्या, वॉर्डातल्या डॉक्टरांबरोबर तास दीड तास उभ्या राहिल्या. जाताना त्या पहिल्यांदा काकांच्या तोंडाकडे बघून बोलल्या. सॉरी म्हणाल्या. काकांना कळेना, ही बाई कशाबद्दल सॉरी म्हणते.

सोमवारी दुपारी कादंबरी वॉर्डात गेली. विवेक दारातच उभा होता.

"कशाला आलीस?"

"काकांना सांगायचंय."

"आता? आता सांगून काय उपयोग आहे? पाय तर जातोच आहे. निदान मनाला तरी शांती राहू दे त्यांच्या."

"विवेक," आतून आवाज आला. "कान गेले नाहीत माझे. पाय जातोय. येऊ दे तिला."

ती पलंगाशी गेली. मेधा खुर्चीवरून उठली आणि परत बसली. कादंबरीने सांगितलं. जाळी नव्हती, नायलॉन नव्हतं, गाईचं कातडं होतं. पॅसेजमध्ये काय ठरलं. नंबर कुणी बदलला. कार्ड का चुकलं. रडली नाही ती, कारण रडली असती तर काकांनी तिलाच समजावलं असतं, आणि ते तिला नको होतं.

काकांनी मान मुलाकडे वळवली.

"विवेक, डावी बाही वर कर."

"बाबा, आता काय…"

"कर म्हणतो ना."

विवेकने बाही वर केली. दंडावर जुना गोल व्रण होता, चवलीएवढा, त्या पिढीच्या सगळ्यांच्या दंडावर असतो तसा.

"हे काय?"

"देवीची लस आहे, बाबा."

"कशापासून करत होते?"

विवेक इंजिनियर होता, मोठ्या पगाराचा, पण हा प्रश्न त्याला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

"तुझा बाप काय काम करत होता?"

"सरकारी… लॅबमध्ये होतात ना तुम्ही. आरोग्य खात्यात."

"लॅबमध्ये!" काका हसले, आणि ते हसणं ऐकून मेधाने मान खाली घातली. "वासराचं पोट भादरायचं, त्याच्यावर ओरखडे काढायचे, त्यात देवी पेरायच्या. फोड आले की पोट खरवडायचं. ते जे निघतं ती लस. पुढं वासरू जगत नव्हतं. तरुणपणी मी तेच केलं, रोज. अर्ध्या विदर्भाच्या दंडात वासरू टोचलंय मी. तुझ्याही. गाई दिसल्या की हात जोडतो, ते काहून, कधी विचारलं? मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"पण बाबा," मेधा म्हणाली, "तुम्ही अंडंसुद्धा…"

"मला वास येतो अंड्याचा. एवढंच आहे ते."

पलीकडच्या पलंगावरचा इटालियन म्हातारा टीव्हीचा आवाज वाढवत होता. काकांनी तो कमी होईपर्यंत वाट पाहिली.

"तुला लस टोचली तेव्हा विचारलं नव्हतं, विवेक. तुला बोलता येत नव्हतं. मला येतं ना?"

कादंबरीला वाटलं, ओरडावं त्यांनी, शिव्या द्याव्यात, तिच्या बापाचा उद्धार करावा. ते नुसते पांघरुणाखालच्या पावलाच्या उंचवट्याकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने सर्जन आले, बरोबर नर्स. सही हवी होती. विवेक सवयीने पुढे झाला. "मी समजावतो त्यांना."

"नो," काका म्हणाले. मग नर्सकडे बघून, एकेक शब्द वेचत, इंग्रजीत म्हणाले, "नॉट माय पीपल. समबडी एल्स."

नर्स समजूतदार होती. इथल्या हॉस्पिटलांत फोनवर दुभाषी मिळतो, कुठल्या तरी दुसऱ्याच शहरातला, न पाहिलेला. तिने पलंगाशी फोन आणला, नंबर लावला, आवाज मोठा केला. मग विवेक, मेधा आणि कादंबरी, तिघांना हाताने बाहेर व्हायला सांगितलं आणि पडदा ओढून घेतला.

पडदा कापडी होता. सगळं ऐकू येत होतं.

"नमस्कार काका," एका बाईचा आवाज आला, स्वच्छ, कुणाच्याही ओळखीचा नसलेला. "मी दुभाषी बोलतेय. इथे जे बोललं जाईल ते सगळं मी तुम्हाला सांगेन. त्यातलं काही गाळणार नाही आणि माझ्या मनाचं काही घालणार नाही. चालेल?"

"चालेल, बाई."

सर्जन बोलले. आवाज म्हणाला, "डॉक्टर म्हणतायत, पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. आज संध्याकाळीच. नाही कापला, तर विष वर चढेल आणि तुम्ही मराल. कापला, तरी मराल अशी थोडी शक्यता आहे. तुमचं वय आणि साखर बघता."

मेधाच्या तोंडून हुंदका फुटला. तिने तो हाताने दाबला. घरातलं कुणीही हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारला नसता. जन्मात नसता.



"कापलेला पाय कुठे जातो?" काकांनी विचारलं.

इंग्रजीत प्रश्न गेला, इंग्रजीत उत्तर आलं. "तपासणीला पाठवतात, मग जाळतात. तुम्हाला हवा असेल तर कुटुंबाच्या ताब्यात देता येतो, त्याची पद्धत आहे."

"नको. त्यांना नको द्यायला."

विवेकने पडद्याला हात घातला. फटीतून नर्सने तळहात दाखवला: अजून नाही. तो मागे सरकला आणि मेधाच्या शेजारी, भिंतीशी, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा उभा राहिला.

"आणखी काही विचारायचं आहे का?" आवाज म्हणाला.

होतं. बरंच विचारायचं होतं. भूल कोणती देणार, करवत कशी असते, शिवताना दोरा कशाचा वापरतात, रक्त चढवलं तर ते कुणाचं असेल, शुद्धीवर आल्यावर पहिलं कोण दिसेल, कुबड्या घेऊन विमानात चढता येतं का, आणि नाही चढता आलं तर इथे जाळायला परवानगी कुणाची लागते. काका विचारत गेले. सर्जन उत्तरं देत गेले. परकी बाई एकेक उत्तर जसंच्या तसं त्यांच्या हातात ठेवत गेली. बाहेरची तिघं एकमेकांकडे न बघता ऐकत होती, आणि आत एकदाही कुणी म्हाताऱ्याला थांबवलं नाही.